सत्तेचाळिसाव्या वर्षी विम्याची परीक्षा द्यावी का, आणि कशासाठी?

इचलकरंजीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वय ४७, शिक्षण बी.कॉम., बावीस वर्षं एका सायझिंगमध्ये (विणण्याआधी सुताला खळ लावणाऱ्या कारखान्यात) हिशेब सांभाळला. मालकांची मुलं धंद्यात उतरली नाहीत, त्यामुळे वर्षभरात सायझिंग बंद होणार. मुलगी बारावीत आहे. नात्यातल्या कुणीतरी सांगितलं की विम्यातली असोसिएटशिप (विम्याच्या तीन परीक्षांतली मधली) करा, लगेच नोकरी लागेल. ताई विचारतात: या वयात अभ्यास झेपेल का, आणि झेपला तर त्याचा उपयोग होईल का?

ताई, अभ्यास झेपेल. ते मी पुढे सांगतेच. पण तुमच्या प्रश्नातला अवघड भाग तो नाही. परीक्षा पास झाल्यावर विम्याच्या धंद्यात नेमकं कुठलं काम करायचं, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि बहुधा ते अजून ठरलेलंही नाही. ते ठरल्याशिवाय पुस्तकं मागवू नका.

मी सर्वसाधारण विम्याच्या, म्हणजे आयुर्विमा सोडून बाकी विम्यांच्या, कंपनीत चौतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी क्लेम विभागात. टंकलेखक म्हणून लागले होते. लायसेन्शिएट झाले ४१व्या वर्षी, असोसिएटशिप ४४व्या, फेलोशिप ५०व्या. निवृत्तीनंतर आता एका ब्रोकरकडे आगीच्या आणि पुराच्या क्लेमची कागदपत्रं बघते. त्यामुळे उशिरा अभ्यास करणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. पण मी आधीपासून कंपनीत होते आणि तुम्ही बाहेरून येणार आहात. हा फरक फार मोठा आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करते.

या परीक्षा मुंबईची भारतीय विमा संस्था घेते. ही संस्था १९५५ सालची, तिचं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. पायऱ्या तीन: लायसेन्शिएट, असोसिएटशिप, फेलोशिप. प्रत्येक विषयाला ठरावीक क्रेडिट गुण असतात. लायसेन्शिएटला एकूण ६०, असोसिएटशिपला २५० आणि फेलोशिपला ४९० गुण जमवावे लागतात. बारावी झालेल्या कुणालाही पहिली पायरी चढता येते, वरच्या वयाची अट नाही. पण मुळात ही रचना विमा कंपन्यांत काम करणाऱ्यांसाठी उभी राहिली. सरकारी कंपनीतला कर्मचारी परीक्षा पास झाला की त्याच्या पगारात भर पडते, बढतीच्या वेळी उपयोग होतो. बाहेरच्या माणसाला यातलं काही आपोआप मिळत नाही. सरकारी विमा कंपन्यांची अधिकारी भरती साधारण तिशीपर्यंतच्या उमेदवारांची असते, त्यामुळे तो दरवाजा तुमच्यासाठी बंद आहे असं धरून चाला. 'असोसिएटशिप करा, लगेच नोकरी लागेल' असं सांगणाऱ्यांनी मायेपोटी सांगितलं असेल, पण ते तसं नाही.

मग सत्तेचाळिसाव्या वर्षी आत शिरायला वाटा कुठल्या? एक विमा प्रतिनिधीची. तिला असोसिएटशिप लागतच नाही. दहावी पास, थोडं प्रशिक्षण आणि आयसी-३८ ही परीक्षा, जी मराठीतही देता येते. दुसरी ब्रोकरच्या कार्यालयातली. प्रतिनिधी कंपनीचा असतो, ब्रोकर ग्राहकाच्या बाजूनं काम करतो, त्यामुळे त्याच्याकडे पॉलिसी वाचणारी आणि क्लेमची फाईल लावणारी माणसं लागतात. तिसरी सर्व्हेयरच्या, म्हणजे नुकसान किती झालं ते मोजणाऱ्याच्या, कार्यालयातली. मोठ्या नुकसानीच्या क्लेमला कायद्यानं परवानाधारक सर्व्हेयर नेमावा लागतो. तो परवाना मिळवायला ठरावीक पात्रता, परीक्षा आणि जुन्या सर्व्हेयरच्या हाताखाली उमेदवारी लागते. पण त्याच्या कार्यालयात बसून स्टॉकचा हिशेब तपासायला परवाना लागत नाही. आरोग्यविम्याचे क्लेम विमा कंपनीच्या वतीनं हाताळणाऱ्या टीपीए कंपन्याही आहेत, मात्र तिथे दवाखान्याची बिलं कळणाऱ्यांना मान. ॲक्च्युअरी (विम्याची जोखीम आणि हप्ते गणितानं ठरवणारा तज्ज्ञ) व्हायचा विचार कुणी डोक्यात घातला असेल तर तो सोडून द्या. ती गणिताची वेगळी आणि बरीच वर्षं खाणारी वाट आहे.

माझ्या मते तुमची जागा सर्व्हेयरच्या किंवा ब्रोकरच्या कार्यालयात आहे. का, ते एका जुन्या क्लेमवरून सांगते.

मी चाळिशीची असताना एका विणकरी गावात सायझिंगच्या गोदामाला आग लागली. सर्व्हेयरबरोबर कंपनीतर्फे मी गेले होते. अग्निशामकच्या पाण्यानं पोती भिजून फुगली होती, काही अर्धी जळालेली, आणि कुठलं सूत कुणाचं ते कळायला मार्ग नव्हता. सायझिंग कसं चालतं हे तुम्हाला मी काय सांगावं! गोदामात मालकाचं सूत थोडं आणि पार्ट्यांचं, म्हणजे खळ लावायला सूत देणाऱ्या गिऱ्हाइकांचं, जास्त. पण पॉलिसीत होता फक्त 'स्वतःचा माल'. दुसऱ्याचा माल आपल्या ताब्यात असेल आणि तो विम्यात धरायचा असेल, तर आगीच्या पॉलिसीत तसं स्पष्ट लिहून घ्यावं लागतं. ते वाक्य तिथे नव्हतं.

आकडे समजायला सोपे करून सांगते. त्या दिवशी गोदामात मालकाचा माल १२ लाखांचा, पार्ट्यांचा १८ लाखांचा. विमा रक्कम २० लाख. जळालं त्यात मालकाचं ५ लाखांचं, पार्ट्यांचं ९ लाखांचं. सगळा ढीग एकच, त्यामुळे मालकाचे ५ लाख तरी कशावरून धरायचे, असा पेच पडला. तेव्हा तिथल्या दिवाणजींनी एक वही काढली. पार्टीवार सुताची आवक-जावक, काउंट (सुताचा बारीकपणा), वजन, तारीख. वही भिजली होती. त्यांनी एकेक पान स्टीलच्या पट्टीनं सोडवलं आणि अंगणातल्या तारेवर चिमट्यांनी वाळत घातलं. दोन दिवस आम्ही त्या पानांवरून पोती जुळवत होतो. त्या वहीमुळे मालकाचे ५ लाख मंजूर झाले. पार्ट्यांच्या ९ लाखांचा एक रुपयाही मिळाला नाही, आणि ते पैसे मालकांनी पुढे कित्येक वर्षं फेडले.

पॉलिसीत ते वाक्य असतं तर? तरीही पुरे पैसे मिळाले नसते. माल ३० लाखांचा आणि विमा २० लाखांचा, म्हणजे दोन तृतीयांश. मग भरपाईही दोन तृतीयांशच: १४ लाखांच्या नुकसानीला ९ लाख ३३ हजार. याला ॲव्हरेज लावणं म्हणतात. २०२१ पासून लघुउद्योगांसाठी ज्या भारत सूक्ष्म आणि भारत लघु उद्यम सुरक्षा पॉलिसी आल्या, त्यांत विमा रक्कम १५ टक्क्यांपर्यंत कमी पडली तर ती माफ असते. इथे तूट ३३ टक्क्यांची, म्हणजे त्या सवलतीचाही उपयोग झाला नसता. वाक्य हवं होतं आणि रकमेत पार्ट्यांचा मालही धरायला हवा होता, दोन्ही.

निघताना दिवाणजींनी मला विचारलं, "बाई, हे वाक्य घालायला वर किती पैसे पडले असते?" इतकी वर्षं कंपनीत काढून मला उत्तर देता आलं नाही. ऑफिसात येऊन हिशेब केला. मालकांना नंतर जे फेडावं लागलं त्यापुढे ती रक्कम काहीच नव्हती. दोन महिन्यांनी मी लायसेन्शिएटचा फॉर्म भरला. वरिष्ठांपैकी एकजण म्हणाले, आता या वयात कशाला. मला तोपर्यंत कशाला ते कळलं होतं.

ताई, तुम्ही बावीस वर्षं जी वही लिहिलीत ती हीच वही आहे. मालकाचं सूत कुठलं, पार्टीचं कुठलं, प्रक्रियेत घट किती जाते, बिमावर (ज्या रुळावर सूत गुंडाळतात त्यावर) चढलेलं सूत हिशेबात कुठे धरायचं, हे सर्व्हेयरच्या कार्यालयात नव्यानं आलेल्या पदवीधराला शिकवायला वर्ष जातं. वह्या जळाल्या तर आगीच्या दिवशीचा स्टॉक कसा काढतात? सुरुवातीचा स्टॉक अधिक खरेदी, वजा विक्रीची मूळ किंमत. तुम्ही हे दर मार्चअखेर करता. क्लेममध्ये ते मार्चऐवजी आग लागलेल्या तारखेला करायचं असतं, इतकंच. तुमच्याकडे जे नाही ते म्हणजे पॉलिसीची भाषा, आणि ती परीक्षेच्या अभ्यासानं येते. म्हणून परीक्षा द्या असं मी म्हणते. नुसत्या प्रमाणपत्राला या वयात कुणी विचारणार नाही. सायझिंगचा हिशेब आणि पॉलिसी दोन्ही वाचता येणाऱ्या बाईला कोल्हापूर-सांगली पट्ट्यात विचारतील.

हे मी अंदाजानं म्हणत नाही. २०१९ च्या महापुरानंतर या भागातल्या किती फायली आमच्या टेबलावर अडकल्या ते मी पाहिलंय. स्टॉक रजिस्टर वाहून गेलेलं, बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट एक सांगतंय आणि जीएसटीची विवरणपत्रं दुसरंच. काहींनी तर प्रीमियम वाचवायला पॉलिसीतून पुराचं संरक्षणच काढून टाकलेलं होतं, तेव्हा तशी सोय असायची. अशा वेळी हिशेब जुळवून देणारा माणूस सापडत नाही.

आता अभ्यासाबद्दल. पाठांतर विशीतल्यासारखं होत नाही, हे खरं. पण मजकूर लागतो लवकर, कारण प्रत्येक तत्त्वाला तुमच्याकडे उदाहरण तयार असतं. मात्र अनुभव एका ठिकाणी दगाही देतो. मी सर्वसाधारण विम्याच्या पेपरात पहिल्यांदा नापास झाले. पास व्हायला ६० लागतात, मला ५४ पडले. घरी येऊन पुस्तक उघडलं तेव्हा कळलं की मी उत्तरं आमच्या ऑफिसात जसं चालतं तशी दिली होती. परीक्षा तत्त्व विचारते. उदाहरणार्थ, विमायोग्य हितसंबंध, म्हणजे ज्याचा विमा काढला ते गेलं तर आपलं आर्थिक नुकसान होईल असं नातं, केव्हा असावा लागतो? आयुर्विम्यात पॉलिसी घेताना, सागरी विम्यात नुकसान होताना, आगीच्या विम्यात दोन्ही वेळी. ऑफिसात वर्षानुवर्षं बसूनही मी हा फरक कधी नीट विचारात घेतला नव्हता. तुमचंही असं होईल, विशेषतः हिशेबाच्या विषयांत. तिथे तुम्हाला सगळं येतं असं वाटेल, म्हणून तिथेच पुस्तक जास्त नीट वाचा.

मी पहाटे पाच ते सव्वासहा अभ्यास करायचे, नळाला पाणी येईपर्यंत. शंभर पानी वहीत डावीकडे इंग्रजी शब्द देवनागरीत, मध्ये मराठी अर्थ आणि उजवीकडे ओळखीतलं उदाहरण. सब्रोगेशनपुढे लिहिलं होतं: ट्रकनं गोदामाची भिंत पाडली, विमा कंपनीनं आपल्याला पैसे दिले, आता ट्रकवाल्याकडून वसूल करायचा आपला हक्क कंपनीकडे गेला. हे वाक्य मी अजूनही नव्या मुलांना तसंच सांगते. या परीक्षांची बहुतेक पुस्तकं इंग्रजीत असतात. बी.कॉम. झालेल्या माणसाला भाषा परकी नाही, पण सवय मोडलेली असते. पहिले दोन महिने वेग कमी राहील, त्याची चिंता करू नका.

विषय निवडताना आयुर्विम्याच्या बाजूला जाऊ नका. आयसी-०१ विम्याची तत्त्वं, आयसी-११ सर्वसाधारण विम्याचा व्यवहार, एवढ्यानं सुरुवात करा. मग आगीच्या विम्याचा आयसी-५७ आणि सर्वसाधारण विम्याच्या हिशेबाचा आयसी-४६. विषयांची यादी आणि नियम अधूनमधून बदलतात, त्यामुळे नोंदणी करण्याआधी संस्थेची चालू माहिती बघा. नोंदणी स्वतः करता येते. 'आमच्याकडे क्लास लावा, नोकरीची हमी' म्हणणाऱ्या कुणालाही पैसे देऊ नका. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही.

काही गोष्टी मात्र तुमच्या घरच्या परिस्थितीवर आहेत, त्या मला इथून ठरवता येणार नाहीत. सायझिंग बंद झाल्यावर पुढच्या महिन्यापासूनच तुमच्या पगाराची गरज असेल, तर आधी हिशेबाचं जे काम मिळेल ते धरा आणि अभ्यास त्याच्या कडेनं करा. मुलीच्या प्रवेशाची फी याच वर्षी येणार, हेही धरून चाला. सहा-आठ महिन्यांची शिल्लक गाठीला असेल तर सर्व्हेयरच्या कार्यालयात सुरुवातीला कमी पगारावर बसणं परवडेल, आणि ते बसणं फार मोलाचं. दुसरं, फिरायची तयारी. क्लेमच्या कामात आज शिरोलीच्या फाउंड्रीत, उद्या सांगलीच्या हळदीच्या गोदामात जावं लागतं, आणि आग लागलेली जागा बघायला साडीच्या निऱ्या सांभाळत जाणं जमत नाही. घरून याला विरोध असेल तर ब्रोकरच्या ऑफिसातलं टेबलाचं काम बघा.

प्रतिनिधी व्हायला मी तुम्हाला मनाई करत नाही. कितीतरी बायकांनी त्यावर संसार उभे केलेत. पण पहिल्या वर्षी बहुतेकजणी नातेवाइकांना पॉलिसी विकतात आणि दुसऱ्या वर्षी नातेवाईक संपतात. लोकांच्या दारात जाऊन बोलायची हौस असेल तरच त्या वाटेनं जा. तुमच्या पत्रातून मला ती दिसली नाही. हिशेबाची हौस दिसली.

मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. या महिन्यात आयसी-०१ आणि आयसी-११ ची पुस्तकं मागवली असती. त्याच महिन्यात कोल्हापुरातल्या दोन-तीन सर्व्हेयरना भेटून सांगितलं असतं की बावीस वर्षं सायझिंगचा स्टॉक सांभाळलाय, कापड धंद्यातला क्लेम आला की मला बोलवा, दिवसाच्या मजुरीवर बसेन. परीक्षा पास व्हायची वाट बघितली नसती. लायसेन्शिएट सहा-आठ महिन्यांत होईल. असोसिएटशिपला नोकरी-घर सांभाळून दोन वर्षं तरी धरा, आणि ती कामाला लागल्यावर करा, कारण तेव्हा प्रत्येक पेपरामागे एक फाईल डोळ्यांसमोर असते. फेलोशिपचा विचार आज नको.

अभ्यासाची सुरुवात मात्र पुस्तकानं करू नका. उद्या सायझिंगमध्ये गेलात की कपाटातून चालू आगीची पॉलिसी काढा. पार्ट्यांच्या मालाबद्दल वाक्य आहे का ते बघा, आणि विमा रकमेत त्यांचं सूत धरलंय का तेही. मग अटींचं पान काढा. युनिट बंद होणार म्हणता, म्हणून ही गोष्ट तातडीची आहे: इमारत सलग ३० दिवसांपेक्षा जास्त रिकामी राहिली आणि कंपनीला कळवून पॉलिसीवर तशी नोंद करून घेतली नाही, तर आगीच्या नेहमीच्या पॉलिसीतलं संरक्षण थांबतं. यंत्रं विकली जाईपर्यंत सायझिंगला कुलूप राहणार असेल तर मालकांना हे आजच सांगा आणि कंपनीला लेखी कळवून पोच घ्या. त्या अटीचा क्रमांक आणि तिचे शब्द वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवा. काय सापडलं ते मला कळवा, मी वाट बघते.